समेटाच्या रकान्याबाहेर

आमच्या सल्ला केंद्रात दर तिमाहीला एक तक्ता भरावा लागतो. नवीन अर्ज किती, कोर्टात गेलेले किती, विभक्त किती, पाठपुरावा चालू असलेले किती. त्यातच एक रकाना 'समेट'चा असतो. त्यात आकडा पडला की फाइल कपाटात जाते. तीन वर्षांपूर्वी अशीच एक फाइल मी कपाटात ठेवली, आणि आठ महिन्यांनी ती बाई पुन्हा केंद्राच्या दारात उभी राहिली. बसल्यावर पाणीसुद्धा न पिता तिनं विचारलं, "ताई, माझं प्रकरण मिटलं असं तुमच्या वहीत लिहिलंय का?"

मी म्हटलं, "हो."

"मग ते खोडा."

हा अंक लांबलेल्या लग्नांबद्दल काढायचा असं ठरलं, तेव्हा संपादकीय लिहायचं काम माझ्याकडे आलं ते या एका वाक्यामुळे. त्या बाईंच्या परवानगीने लिहिते आहे. गाव, व्यवसाय आणि ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्या आहेत. मी त्यांना काकू म्हणते. समाजकार्याच्या वर्गात शिकवलेलं असतं की अर्जदाराशी नातं जोडून बोलू नये, पण पन्नाशीच्या बाईला नुसतं नावाने हाक मारणं मला अजून जमलेलं नाही.

काकूंच्या लग्नाला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. यजमान सरकारी नोकरीत, काकू घरी शिवणकाम करणाऱ्या. मारहाण एकदाही नाही. होता तो अबोला, कधी चार दिवस, कधी महिना. पाहुण्यांसमोर "हिला काय विचारता, हिला तिकिटाचा हिशोब कळत नाही" असं हसत हसत बोलणं. भाजी चांगली झाली तरी ताट सरकवून उठणं. काकूंनी ते सगळं 'स्वभाव' म्हणून गिळलं. भिशीचे पैसे आणि आईने दिलेल्या पाटल्या मोडून त्यांनी गावाबाहेर एक छोटा प्लॉट घ्यायला लावला होता. कागद अर्थातच यजमानांच्या नावाचा. मुलगी कमावती झाल्यावर तिथे दोन खोल्या बांधायच्या, हे काकूंचं एकच स्वप्न. एका रविवारी मैत्रिणीला जागा दाखवायला म्हणून त्या गेल्या, तर तिथे दुसऱ्याच कोणाचं जोत्यापर्यंत बांधकाम आलेलं होतं.

यजमानांनी तीन वर्षांपूर्वीच तो प्लॉट विकून थोरल्या भावाचं कर्ज फेडलं होतं. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, तेव्हा ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुला सांगून काय उपयोग होता?"

पोलीस चौकीत त्यांना विचारलं गेलं, "मारलं का?" नाही म्हटल्यावर, "मग बाई, घरी जा." माहेरी वहिनी म्हणाली, "निदान दुसरी बाई तरी नाही ना." २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम ३ मध्ये शाब्दिक-भावनिक छळही आहे, आर्थिक छळही आहे. स्त्रीधनाची किंवा घरच्या मालमत्तेची परस्पर विल्हेवाट लावणं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण कायद्यात शब्द आला म्हणून तो वहिनीच्या तोंडी येतोच असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नवरा चारचौघांत अपमान करतो का, धमकावतो का, कमीपणा वाटेल असं बोलतो का, हे प्रश्न विचारले गेले होते. देशभरातल्या साधारण १४ टक्के विवाहित स्त्रियांनी 'हो' म्हटलं. घरी तक्ता घेऊन आलेल्या अनोळखी माणसासमोर 'हो' म्हणू शकल्या त्या एवढ्या. 'स्वभाव आहे' म्हणणाऱ्या त्यात आल्या नसणार.

काकू केंद्रात आल्या तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मला घर मोडायचं नाही." मला बरं वाटलं, हे इथे कबूल करायला हवं. सरळ प्रकरण आहे असं वाटलं. मी यजमानांना बोलावलं. (काकू म्हटल्यावर तेही काका झाले.) इस्त्रीचा शर्ट घालून आले, हात जोडले, म्हणाले, "चुकलं माझं. झालं गेलं विसरून जाऊ." स्टँप पेपरवर लिहून दिलं की यापुढे अपमान करणार नाही, अबोला धरणार नाही, न विचारता व्यवहार करणार नाही. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ती मान मी होकार म्हणून धरली आणि रकान्यात आकडा घातला. सगळं मिळून चार बैठका.

आठ महिन्यांनी त्या तक्रार घेऊन आल्या नव्हत्या, आणि मला तेच आधी कळेना. काकांनी लेखी दिलेलं सगळं पाळलं होतं. टोमणे बंद होते. पगार हातात येत होता. "ते आता चांगले वागतात," काकू म्हणाल्या, "आणि घरातले सगळे माझ्याकडे बघतात, की आता तरी हिनं हसावं. मला हसू येत नाही. मग सगळे म्हणतात, बघा, तो सुधारला पण हिचंच पोट भरत नाही." रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नव्हती. काका फोन घेऊन अंगणात गेले की पोटात गोळा यायचा. एकदा त्यांनी काकांच्या पँटचे खिसे तपासले. हे सांगताना त्या रडल्या. प्लॉटबद्दल सांगताना रडल्या नव्हत्या. "मी जन्मात कुणाच्या खिशात हात घातला नव्हता हो."

एम. एस. डब्ल्यू. करताना ज्यूडिथ हर्मन यांचं 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' हे १९९२ सालचं पुस्तक मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. युद्धातून परतलेले सैनिक आणि घरात छळ सोसलेल्या स्त्रिया, दोघांच्या मनाची जखम एकाच जातीची आहे, हे त्यांनी त्यात मांडलं. या जखमेतून सावरण्याचे तीन टप्पे त्या सांगतात. आधी सुरक्षितता. मग घडलेलं आठवणं, सांगणं आणि जे गेलं त्याचा शोक करणं. त्यानंतर माणसांशी पुन्हा नातं जोडणं. उत्तरपत्रिकेत हे तीन टप्पे मी क्रमाने लिहिले असतील. काकूंच्या बाबतीत मात्र मी पहिल्यावरून उडी मारून थेट तिसऱ्यावर गेले होते. शोक करायला त्यांना कोणी वेळच दिला नव्हता. 'विसरून जाऊ' हे वाक्य ज्याने केलं त्याने म्हटलं होतं, आणि मी त्याला साक्षीदार होते.

आता आपल्याबद्दल. बाईला घराबाहेर पडायला मदत कशी करायची हे आपली चळवळ चांगलं शिकली आहे. १९८३ मध्ये ४९८-अ आलं (१ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ म्हणून आहे), १९८४ मध्ये कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला, त्याच वर्षी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. निवारा, पोटगी, मुलांचा ताबा, हे सगळं तिथून पुढे एकेक करून लढून मिळवलेलं आहे. माझ्यासारखी तिशीतली कार्यकर्ती त्या तयार रस्त्यावरून चालते आहे. पण जी बाई सोडत नाही, सोडू इच्छित नाही, तिच्यासाठी आपल्याकडे दोनच शब्द आहेत. बैठकीत आपण तिला 'तडजोड केली' म्हणतो आणि अहवालात 'समेट झाला' लिहितो. दोन्ही तिचे शब्द नाहीत.

हे मी आमच्या मासिक बैठकीत बोलले, तेव्हा एक ज्येष्ठ मैत्रीण भडकली. "आपण काय लग्नं दुरुस्त करायचं दुकान काढलंय?" तिचा राग मी समजू शकते. समजूत काढून परत पाठवलेल्या मुलींची जळालेली शरीरं तिनं सरकारी दवाखान्यात पाहिली आहेत, मी पाहिलेली नाहीत. म्हणून इथे ठळकपणे लिहिते. जिथे मारहाण आहे, धमकी आहे, बाई दार लागल्याच्या आवाजाने दचकते आहे, तिथे 'पुन्हा विश्वास' हा विषयच नाही. तिथे सुरक्षितता आणि फक्त सुरक्षितता. या घरात 'नाही' म्हणून तुम्हाला शांत झोपता येतं का, हे मी आता पहिल्या भेटीतच विचारते. उत्तर नाही असेल तर नवऱ्याला बोलवण्याची घाई करत नाही. काकूंचं उत्तर होतं, "झोप येत नाही, पण भीतीने नाही."

त्या दिवसांत मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं. शाळेत धडा होता तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांच्या विनोदावर आम्ही हसलो होतो. यावेळी मी वाचत होते ते एका बायकोचं. १८८० मध्ये अकराव्या वर्षी लग्न. नवरा, कवी ना. वा. टिळक, न सांगता घरातून निघून जाणारा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि बायकोचं सगळं जग ज्या निर्णयाने उलटं होणार होतं तो तिच्याशिवाय झाला. जवळजवळ पाच वर्षं लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपूरला. पत्रं येत-जात होती. शेवटी त्या परत गेल्या, पण आपलं सोवळंओवळं आपल्यापुरतं सांभाळत गेल्या. टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही, त्या स्वतःच्या विचाराने हळूहळू बदलल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यात धर्मांतर बाजूला ठेवून पाहा. परत जाण्याची गती लक्ष्मीबाईंची होती. त्यांची चूल त्यांच्या हातात होती आणि समोरचा माणूस थांबला होता. पुढे सगळं गोड झालं असंही नाही. भांडणं शेवटपर्यंत आहेत, आणि १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला तो वेगळाच. १९१९ मध्ये टिळक वारले. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून छापून येऊ लागले. त्यात बाईंनी नवऱ्याला ना देव केलं ना राक्षस. मला वाटतं, घडलं ते सगळं आपल्या तोंडाने सांगता आल्यामुळेच त्यांना ते करावं लागलं नसेल.

तर आम्ही पुन्हा सुरुवात केली. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या २००६ च्या नियमांत नियम १४ समुपदेशनाबद्दल आहे. कोर्टाने पाठवलेल्या प्रकरणांसाठी तो लिहिलेला असला तरी आम्ही तो सगळीकडे लावायचं ठरवलं. नवऱ्याला छळाचं समर्थन करता येणार नाही, आणि हे त्याला बैठकीच्या आधीच सांगायचं, असं त्यात आहे. मैत्रिणींनो, हा नियम आपल्या केंद्राच्या भिंतीवर लावा. काका दर दहा मिनिटांनी म्हणायचे, "पण ताई, माझीही एक बाजू..." मी म्हणायचे, "आहे. ती दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खोलीत." दुसऱ्या खोलीत आमचा एक पुरुष सहकारी त्यांच्याबरोबर बसायचा. तिथे सहाव्या-सातव्या वेळेला ते म्हणाले की थोरल्या भावाला नाही म्हणता येत नाही, ही लाज बायकोला कशी सांगायची ते कळलं नाही. घरात बायकोला विचारून व्यवहार करणारा पुरुष त्यांनी पाहिलाच नव्हता. हे खरं असेल. पितृसत्ता पुरुषालाही मुकं करते, हे आपण शिबिरात सांगतोच. पण त्या मुकेपणाची किंमत कोणाच्या पाटल्यांनी भरली, हेही तिथेच विचारलं गेलं.

काकूंना बोलायला सांगितलं, तेव्हा त्या प्लॉटच्या किमतीबद्दल बोलल्याच नाहीत. "तीन वर्षं मी यांच्याशी बोलत होते, की स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला काढू, सकाळचं ऊन येईल. आणि हे ऐकत होते. हो म्हणत होते. जागा नव्हतीच, आणि हे हो म्हणत होते." काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान खाली घातली, आणि बाजू मांडली नाही. आमच्यापैकी कोणीही काही बोललं नाही. काकू उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या. मी मागे गेले नाही. पूर्वी गेले असते आणि "आता त्यांना पटलंय बघा" असं काहीतरी बोलले असते.

काकूंनी काय मागितलं ते सांगते, कारण अशा वेळी आपण कार्यकर्त्याच मागण्यांची यादी तयार करतो. अपमान चारचौघांत झाला होता, तर चूकही चारचौघांत सांगायची, थोरल्या दिरा-जावेसमोर. त्याला काकांना चार महिने लागले. दिवाळीत ते बोलले, तीनच वाक्यं. भाऊ उठून गेला, पण काका बसून राहिले. राहत्या घराला दोघांचं नाव लावायचं. मी म्हटलं, विश्वासाचा प्रश्न आहे, कागदाने काय होईल? काकू म्हणाल्या, "गेला तो कागदानेच गेला ना?" मला शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची मोहीम आठवली. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा म्हणून गावोगाव पुरुषांना सांगितलं गेलं होतं, आणि त्यात अनेकांनी खरोखर लावलंही. त्या पिढीला जे कळलं होतं ते समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात मला कोणी शिकवलं नाही. आणि काकूंची शेवटची मागणी अशी, की 'तू मला माफ कधी करणार' हा प्रश्न काकांनी विचारायचा नाही. कधीच नाही.

या तिसऱ्या मागणीवर मी अजून विचार करते. आपल्याकडे बाईची क्षमा गृहीत असते. व्रतवैकल्यांपासून मालिकांपर्यंत पतीला माफ करणारी बाईच मोठी. मग विश्वास परत येण्याचं कामही तिच्याच वाट्याला, आणि आला नाही तर दोषही तिचाच. काकूंनी ते काम ज्याचं त्याच्याकडे परत दिलं. विश्वास मोडणाऱ्याने रोजच्या वागण्यातून तो पुन्हा उभा करायचा, किती दिवसांत हे त्याने ठरवायचं नाही, आणि तो उभा राहिला की नाही हे ती सांगेल. मला तरी यापलीकडे काही सांगायचं नाही. बाई राहते म्हणजे तिने दावा सोडला असं आपण धरू नये, एवढीच विनंती.

आणि प्रेम? हा शब्द आमच्या बैठकीत कोणी उच्चारला की सगळ्या जणी चहाच्या कपाकडे बघतात. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, मीही बघते. मी काकूंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "पैशाच्या बाबतीत आता बसलाय विश्वास. चारचौघांत बोलायला लागले की अजून छातीत धडधडतं. प्रेमाचं काय विचारता?" मग जरा वेळाने आपणच सांगू लागल्या. मागच्या आठवड्यात काकांचा दुकानातून फोन आला, प्लास्टिकची बादली घेऊ का, लाल आहे आणि निळी आहे. साठ रुपयांची बादली. फोन ठेवल्यावर काकू एकट्याच मशिनवर बसून हसल्या. "ते आल्यावर नाही हसले," एवढं त्यांनी मुद्दाम सांगितलं.

काकू राहिल्या आहेत. स्वतःचं बँक खातं आहे, बाजारपेठेत शिवणकामाचा गाळा भाड्याने घेतला आहे. उद्या त्या निघून गेल्या तरी आमच्या केंद्राला ते अपयश वाटू नये, असं त्यांनी मला बजावलं आहे. हे संपादकीय त्यांना वाचून दाखवलं. पहिल्या खर्ड्यात मी खिडकी दक्षिणेला लिहिली होती. त्यांनी ती पूर्वेला करायला लावली.

त्यांची फाइल आता 'पाठपुरावा चालू' या रकान्यात आहे. गेल्या तिमाहीत वरून विचारणा आली की एकाच प्रकरणाचा पाठपुरावा इतकी वर्षं कसा. मी लिहिलं, 'अर्जदाराच्या इच्छेनुसार'. येत्या वार्षिक बैठकीत 'समेट' हा रकानाच तक्त्यातून काढावा, आणि त्या जागी 'बाईने काय ठरवलं' असं लिहावं, असा ठराव मी मांडणार आहे. विरोध होईल. ज्येष्ठ मैत्रिणीने आत्ताच सांगून ठेवलं आहे की ती भांडणार आहे. तुमच्या केंद्रात, तुमच्या संघटनेत हे आकडे कसे लिहिता, आणि राहिलेल्या बायकांकडे वर्षाने, दोन वर्षांनी कोणी जाऊन विचारतं का, हे आम्हाला पत्राने जरूर कळवा. बाईची ओळख पटेल असं काही लिहू नका. पत्रं पुढच्या अंकात छापू.

– संपादक मंडळासाठी